मक्यात अ‍ॅट्राझीनचा असर लवकर का संपतो?

प्रश्न: मक्यात दरवर्षी अ‍ॅट्राझीन फवारतो. पूर्वी महिनाभर तण येत नसे, आता पंधरा-वीस दिवसांतच उगवते. औषध बनावट असेल का? मात्रा वाढवू का?

उत्तर: मात्रा वाढवू नका. आधी शेतात नीट बघा. एकाच जातीचे तण टिकले असेल, तर त्या तणात प्रतिकारक्षमता आलेली असू शकते. सगळीच तणे सुरुवातीला दबून नंतर उगवत असतील, तर जमिनीतले जिवाणू औषध फस्त करत असावेत.

अ‍ॅट्राझीनच्या रेणूत नत्राचे पाच अणू असतात आणि जिवाणूंना तेच हवे असतात. ‘एटीझेड-ए’ या जनुकापासून बनणारे विकर (एन्झाइम) रेणूतला क्लोरीन काढून टाकते. एवढ्यानेच त्याची तण मारण्याची ताकद जाते! ‘एटीझेड-बी’ ते ‘एटीझेड-एफ’ ही पुढची जनुके उरलेल्या रेणूचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतात. स्यूडोमोनास या जिवाणूच्या ‘एडीपी’ या वाणात ही सहाही जनुके एकाच प्लास्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या, वेगळ्या तुकड्यावर) आहेत, आणि प्लास्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो. दरवर्षी तेच औषध मिळाले की अशा जिवाणूंची संख्या वाढत जाते.

खात्री घरी करता येते. शेतातली वरच्या 10 सेंमी थरातली 1 किलो माती एका भांड्यात घ्या, आणि अ‍ॅट्राझीन कधीच न पडलेली तशीच माती दुसऱ्यात. भांड्यांना तळाला भोक नको, नाहीतर औषध निचऱ्यातून जाते. हातमोजे घाला. औषधाची 50 टक्के भुकटी 1 ग्रॅम, 1 लिटर पाण्यात ढवळा. ढवळत असतानाच प्रत्येक भांड्यासाठी सिरिंजने 1.5 मिली काढून 50 मिली पाण्यात घाला आणि मातीत कालवा. दोन्हींना खुरपे वेगळे वापरा. चिमूटभर शेतमाती दुसरीकडे गेली तरी जिवाणू पोहोचतात. वीस दिवस वापसा ठेवा, कारण कोरड्या मातीत जिवाणू काम करत नाहीत. मग काकडीचे दहा-दहा बी टोका. बियाणे तपासायला औषधाविना तिसरे भांडेही ठेवा.

उगवण पाहून निष्कर्ष काढू नका. अ‍ॅट्राझीन प्रकाशसंश्लेषण अडवते, त्यामुळे रोपे उगवतात आणि नंतर कडेपासून पिवळी पडून वाळतात. शेतमातीतली रोपे हिरवी राहिली आणि दुसरीतली वाळली, तर कारण जिवाणूच.

असे निघाल्यास काही हंगाम वेगळ्या गटातले, लेबलवर मक्यासाठी शिफारस असलेले तणनाशक घ्या आणि सोबत कोळपणी करा. सिमाझीन हा पर्याय नाही, तेही त्याच गटातले असून याच विकराला बळी पडते.