नवे ब्रेक डिस्क आणि पॅड टाकलेत, उद्याच कन्नडच्या घाटातून चाळीसगावला जायचंय. गाडी नेली तर चालेल का?

उद्याच नका नेऊ. पॅडच्या मटेरियलचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढेपर्यंत पकड कमीच असते, आणि औट्रम घाटाचा, म्हणजे तुमच्या कन्नडच्या घाटाचा, उतार काही छोटा नाही.

डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलंय ना, एवढं मेकॅनिकला विचारून घ्या. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. हे विसरलं तर पहिल्याच ब्रेकला पेडल थेट खाली जातं.

मग तो थर चढवायला पहाटे रिकामा रस्ता गाठा. संभाजीनगरच्या जालना रोडच्या गर्दीत हे जमणार नाही. मागे कुणी नाही हे बघून ताशी 60 वरून 15 पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, असं आठ-दहा वेळा. मध्ये अर्धा मिनिट गाडी पळू द्या. पूर्ण थांबू मात्र नका! तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की डिस्कवर डाग पडतो आणि पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. थोडा जळका वास येतो, घाबरू नका. शेवटी दहा मिनिटं ब्रेक जवळपास न लावता चालवा. डिस्कवर सगळीकडे सारखी करडी झाक दिसली की काम झालं. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच धरा.

पुढचे 200-300 किलोमीटर जरा जपून, मग घाट खुशाल उतरा.