गंधक आणि पायराइट पहिल्यांदा घेताना

पांडवलेणीच्या बाजूला स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट हे स्फटिक वेचलेस, सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलंस, आणि आता संग्रहासाठी गंधक आणि पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) हवंय म्हणतोस. घे, पण आपल्या बेसॉल्टच्या (काळ्या कातळाच्या) पोकळ्यांतल्या दगडांची सवय इथे चालणार नाही.

गंधकाचे मोठे स्फटिक सिसिलीचे. साधारण 60 लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र आटला, जिप्समचे (कॅल्शियम सल्फेटचे) थर साचले. पुढे जिवाणूंनी त्यातल्या सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड केलं, त्यातून गंधक सुटलं, सोबत चुनखडी राहिली. खाणीतला माल उतारावर ढीग करून पेटवायचे. म्हणजे थोडं गंधकच जाळून उरलेलं वितळवायचं! धूर किती असेल बघ. माल पाठीवरून वर आणायला लहान पोरं असत. 1894 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात हर्मन फ्राश या रसायनतज्ज्ञाने जमिनीत अतितप्त पाणी सोडून गंधक वर काढलं, आणि सिसिलीची मक्तेदारी ढासळत गेली.

आपल्याकडे गंधकाचे मोठे साठे नाहीत, म्हणून बिहारात अमझोरला पायराइट काढलं, गंधकाम्लासाठी (सल्फ्युरिक ॲसिडसाठी).

गंधक तळहातावर धरून बसू नकोस, हाताच्या उबेनेसुद्धा तडकतं. गरम पाण्याचं तर नावच नको. पायराइटचा शत्रू दमट हवा; त्र्यंबककडे राहतोस, तेव्हा पावसाळ्यात डबीत ओल शोषणारं सिलिका जेल हवंच. पायराइटवर पांढरी-पिवळसर भुकटी दिसली, आंबट वास आला, की तो नमुना लगेच वेगळा काढ. माझ्या एका तुकड्याने खालची चिठ्ठी आणि पुठ्ठा दोन्ही खाल्ले, आता तो कुठला तेच कळत नाही.