पहाटेचे पाणी आणि डिझेल जनरेटर: द्राक्षबागायतदारांच्या प्रश्नांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

निफाड-दिंडोरी पट्ट्यात पारा घसरू लागला की बहुतेकांची विचारणा एकच असते. पहाटे बागेला ठिबकने पाणी द्यायचे आहे, पण त्या वेळी शेतीच्या फीडरला वीज असेलच असे नाही, आणि सौर पंप उजाडल्याशिवाय पाणी ओढत नाही. म्हणून डिझेल जनरेटर आणला आहे किंवा भाड्याने घ्यायचा आहे. तो ठेवायचा कुठे, मोटरीला जोडायचा कसा, आणि ५ एचपीच्या मोटरीला किती केव्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा, लागेल?

पहाटे पाणी देणे योग्यच आहे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे बागेतले तापमान थोडे सावरते. मात्र जनरेटर ठेवायचा कुठे, हे आधी वाचा. बाकी चुकांनी मोटर जळते, इथल्या चुकीने माणूस जातो.

थंडी असते, जनरेटर चोरीला जाण्याची भीती असते, म्हणून तो मोटरीच्या खोलीत ठेवला जातो. राखणीला बसलेला माणूस दार लोटून तिथेच घोंगडी पांघरतो. हे कदापि करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला प्राणवायू वाहणारा घटक या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. पेट्रोलपेक्षा डिझेलच्या धुरात हा वायू कमी असतो हे खरे, पण बंद खोलीत तो साचत जातो आणि तेवढाही जीव घ्यायला पुरतो. खिडकी उघडी ठेवली किंवा दाराशी पंखा लावला, तरी भागत नाही. सायलेन्सरला पाइप जोडून धूर बाहेर काढला तरी सांध्यांतून गळती होतेच. जनरेटर उघड्यावर, घर-गोठ्याच्या दारा-खिडक्यांपासून किमान २० फुटांवर ठेवा आणि सायलेन्सरचे तोंड वस्तीच्या उलट दिशेला करा. चोरीची भीती असेल तर साखळदंडाने खांबाला बांधा. बंद खोलीत पाटीत निखारे घेऊन झोपण्यातही याच वायूचा धोका आहे.

याहून वाईट जागा म्हणजे विहीर. पाणी खोल गेले की इंजिन पंप विहिरीतल्या कठड्यावर उतरवण्याची पद्धत जुनी आहे. पण विहिरीत वारा नसतो, धूर वर येत नाही. एक जण खाली बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली दोन-तीन माणसे अशी जातात. कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही, म्हणून उतरायला हरकत नाही, असा अनेकांचा समज आहे. या वायूच्या बाबतीत तो घातक आहे, कारण माणूस मरेल एवढ्या कार्बन मोनॉक्साइडमध्येही कंदील जळत राहतो. विहिरीसाठी सबमर्सिबल मोटर वापरा आणि जनरेटर काठापासून लांब, वर ठेवा.

जनरेटरजवळ काम करताना डोके जड झाले, मळमळले, पाय लटपटले, तर ते थंडी-जागरणावर घालवू नका. लगेच मोकळ्या हवेत या, १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना जनरेटरचा धूर लागल्याचे स्पष्ट सांगा. बरे वाटले तरी दवाखान्यात जा, कारण उपचार म्हणून प्राणवायू द्यावा लागतो.

आता जोडणी. लाईन गेली की स्टार्टरच्या पेटीत किंवा घरातल्या बोर्डात जनरेटरच्या तारा खोचून मोकळे होणारे बरेच आहेत. तशाने वीज उलटी लाईनवर जाते. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) तेव्हा उलटा काम करतो आणि आपले ४१५ व्होल्ट पलीकडे ११,००० होऊ शकतात. लाईन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला वायरमन आपल्याच गावचा कोणाचा तरी मुलगा असतो. फ्यूज काढून ठेवला होता, हे उत्तर पुरेसे नाही. पहाटेच्या अंधारात तो काढायचा राहून जातो. थ्री फेजसाठी चार पोलचा चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या. त्यात न्यूट्रलही तुटतो, आणि एका वेळी एकतर महावितरण किंवा जनरेटर, एवढीच सोय राहते. यात काटकसर करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

द्राक्षबागेत आणखी एक धोका आहे. केबल जमिनीवर नको म्हणून मंडपाच्या तारेवर टाकली जाते. तिचे इन्सुलेशन एका जागी जरी सोलले, तरी लोखंडी अँगल आणि तारांतून आख्ख्या बागेत करंट उतरतो. खाली ओली माती, आणि छाटणी-विरळणीला आलेल्या बायाबापड्यांचे हात त्याच तारांवर. केबल मंडपापासून पूर्ण वेगळी, पाइपमधून न्या. जनरेटरच्या सांगाड्याला पक्के अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा. तो अधूनमधून टेस्टचे बटण दाबून पाहा.

क्षमतेचे गणित असे. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, म्हणून ५ केव्हीए पुरेल असे वाटते. पण थेट सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते. लहान जनरेटर तिथे दबतो, व्होल्टेज पडते आणि वाइंडिंग जळते. थेट स्टार्टर असेल तर १२.५ ते १५ केव्हीएचा सेट धरा. सुरुवातीचा करंट कमी ठेवणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर त्याहून लहान चालतो. व्होल्टेज वाढावे म्हणून थ्रॉटल ओढू नका, त्याने फ्रिक्वेन्सी बिघडते. आधी इंजिन रिकामे तीन-चार मिनिटे चालवा, मग मोटर टाका. बंद करताना आधी मोटर, मग इंजिन. मोटर चालू आहे पण पाणी कमी येते, असे झाले तर फेज उलटे लागले असण्याची शक्यता असते. सगळे बंद करून दोन फेज अदलाबदल करून घ्या.

हँडल मारून सुरू करायचे इंजिन असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, विळखा घालू नका. उलटा झटका बसला तर मनगट मोडते. मफलर, शाल, पदर आधी खोचून घ्या. गारठ्याने इंजिन घेत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरू नका.

डिझेल संध्याकाळीच भरून ठेवा. मध्येच संपत आले तर इंजिन बंद करा, सायलेन्सर निवू द्या, मग भरा. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले डिझेल पेटते. भुरी रोगासाठी आणलेले गंधकही ज्वलनशील आहे, ते आणि डिझेलचे कॅन एका खोलीत ठेवू नका. आग लागलीच तर पाणी ओतू नका. कोरडी वाळू किंवा पावडरचा अग्निशामक वापरा. चालू जनरेटरवर दवासाठी ताडपत्रीही टाकू नका. वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या, असा आडोसा करा.