करुणेवर वाचायला सुरुवात करताय?
'मन म्हणजे काय' इथून सुरुवात करू नका. त्या प्रश्नात शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. लहान प्रश्न धरा: दुसऱ्याचं दुःख मला कळतं ते नक्की कशाने?

ॲडम स्मिथ (हो, तोच अर्थशास्त्रवाला) १७५९ मध्ये म्हणाला, कल्पनेने. सख्ख्या भावाचे हाल चालले असले तरी आपली इंद्रियं त्याच्या वेदनेपर्यंत पोचत नाहीत. मनाने त्याच्या जागी जावं लागतं. पटतं ना? मग इथेच अडून बसा. त्याच्या जागी 'मी' गेलो, तर कळलं ते त्याचं दुःख की माझंच? शेजाऱ्याची दाढ ठणकते तेव्हा मला आठवते ती माझी दाढ. टॉमस नेगल या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये एका निबंधात वटवाघळाचं उदाहरण घेऊन हीच अडचण मांडली: मला पंख फुटले तर मला कसं वाटेल याची कल्पना करता येईल, पण वटवाघळाला स्वतःला कसं वाटतं ते हाती लागत नाही. तो निबंध छोटा आहे, आधी तोच वाचा.

मग पतंजली. योगसूत्रात (१.३३) मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद), उपेक्षा (इथे अर्थ तटस्थपणा) सांगितल्यात त्या चित्त प्रसन्न व्हावं म्हणून. म्हणजे करुणा समोरच्यासाठी की माझ्यासाठी? बुद्धघोष हा जुना बौद्ध भाष्यकार आणखी बारकाईत शिरतो: करुणेचा लांबचा (म्हणजे उघड उलटा) शत्रू क्रौर्य, जवळचा (म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा) शत्रू शोक. दुसऱ्याचं बघून आपणच रडत बसणं करुणेसारखं दिसतं, म्हणून चटकन फसायला होतं. मला तरी हे स्मिथपेक्षा जास्त पटतं; वाद घालायला या.

मेंदूच्या स्कॅनवरचे लेख तूर्तास बाजूला ठेवा, नंतर वाचले तरी चालतात.