प्रश्न तुमचे : वेगळा दिलेला कचरा पुढे वेगळा राहतो का?

प्रश्न : आम्ही ओला-सुका कचरा वेगळा देतो, पण गाडीत सगळा एकत्रच पडतो. मग हा खटाटोप कशासाठी?

तुमचा राग रास्त आहे. लोकसहभाग बहुतेक वेळा इथेच मोडतो, गाडीच्या मागच्या फळीपाशी. दोन्ही बादल्या डोळ्यांदेखत एकाच हौद्यात रिकाम्या झाल्या की माणूस पुढच्या आठवड्यात एकच बादली घेऊन खाली येतो. त्यानंतर कितीही फलक लावले तरी दुसरी बादली परत येत नाही.

पण ‘कामगार ऐकत नाहीत’ एवढ्यावर तक्रार संपवू नका. गाडीला कप्पे आहेत का? नसतील तर ओल्याचा आणि सुक्याचा वार वेगळा आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ठेकेदाराला पैसे कशावर मिळतात? ते टनावर मिळत असतील तर ओला, जड, मिसळलेला कचराच त्याच्या फायद्याचा. अशा करारापुढे गाडीवरच्या कामगाराला दटावून काय होणार? कराराची प्रत मागा. वेगळा कचरा वेगळाच पोचवण्याची अट त्यात घाला आणि बिल त्या अटीशी बांधा, असा आग्रह प्रभागाच्या बैठकीत धरा.

जपानमधल्या कामिकात्सु या छोट्या गावात कचरागाडी फिरतच नाही. लोक कचरा स्वतः केंद्रावर नेतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत लावतात. 2003 मध्ये गावाने शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला. सगळ्यांनाच इतके प्रकार जमणार नाहीत, जमायची गरजही नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे : तिथे प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं की ही वस्तू पुढे कुठे जाते, तिचं काय होतं आणि त्यात गावाचे पैसे जातात की येतात. आपण दिलेल्या कचऱ्याचं पुढे काय झालं हे ज्याला कळतं, तो उद्याही वेगळा करून देतो.

प्रश्न : वस्तीतच खत करायचं ठरलं, पण वास येईल म्हणून शेजारी विरोध करतात.

त्यांची भीती खोटी नाही. दुर्लक्ष झालं की वास येतोच. हवा न मिळता कचरा कुजला की दुर्गंधी सुटते. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा टाका, ढीग अधूनमधून खालीवर करा. मग मूठभर माल घट्ट पिळून पाहा. हात ओला व्हावा, बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला कमी पडला. ढिगात हात घातल्यावर चटका बसला तर काम उत्तम चाललं आहे.

केरळमधल्या आलप्पुळा शहराचा कचरा शेजारच्या सर्वोदयपुरमला जायचा. 2012 मध्ये तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि शहराला आपला ओला कचरा आपल्याच वस्त्यांत, बायोगॅस आणि हवेशीर खतकप्प्यांत जिरवायला लागावं लागलं. या कप्प्यांवर माणूस नेमलेला असतो, हे विसरू नका. नुसता कप्पा बांधून निघून गेलात तर शेजारी म्हणतात तसंच होईल.

प्रश्न : कर भरतो, मग प्रभागाच्या कचरा समितीत वेळ का घालवायचा? निर्णय तर वरच होतात.

निर्णय खरोखर वरच होत असतील तर घालवू नका. जिच्या हाती निधी नाही, जागा नाही आणि बिल थांबवायचा अधिकारही नाही, अशी समिती म्हणजे सह्यांची वही. फिलिपिन्सच्या 2000 च्या कायद्याने काम नीट वाटून दिलं : कचऱ्याचं वर्गीकरण आणि कुजणारा व पुनर्वापराचा कचरा उचलणं बारांगायकडे, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान स्थानिक संस्थेकडे, आणि उरलेला कचरा शहराकडे. वाटणी चांगलीच होती, पण कित्येक बारांगायना वर्गीकरण केंद्रासाठी जागा आणि पैसाच मिळाला नाही. विकेंद्रीकरणात जबाबदारी लगेच खाली उतरते, निधी मात्र वाटेत अडकतो. म्हणून पहिल्याच बैठकीत एकच विचारा : आमच्या प्रभागाच्या कचऱ्यावर वर्षाला किती खर्च होतो? तो आकडा मिळाल्याशिवाय स्वच्छता स्पर्धेच्या विषयाकडे वळू नका.

प्रश्न : महिन्यातून एकदा स्वच्छता मोहीम काढतो. पुरेसं आहे ना?

नाही. त्याच लोकांचा तोच वेळ रोज सकाळी दोन जणांनी गाडीपाशी उभं राहून वेगळा कचरा वेगळाच पडतो का हे पाहण्यात घाला. तीन महिन्यांत फरक दिसेल.

प्रश्न : नवी यंत्रणा आली तर भंगार वेचणाऱ्या बायकांचं काय?

हे विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. कुठल्याही योजनेच्या आधीपासून सुका कचरा पुन्हा वापरात आणत आहेत त्या याच बायका. कुठलं प्लास्टिक विकलं जातं आणि कुठलं पडून राहतं, हे त्यांना हाताला कळतं. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. घरांकडून सेवाशुल्क मिळतं, आणि सुका माल विकायचा हक्क त्यांचाच राहतो. तुमच्याकडे निविदा निघण्याआधी या बायकांना बैठकीला बोलवा. ओळखपत्र, हातमोजे आणि माल वेगळा करायला छप्पर असलेली जागा, या तीन गोष्टी करारात लिहून घ्या. नाहीतर कचऱ्याच्या जागेला कुंपण घातलं जाईल, फाटकाला कुलूप लागेल आणि त्या बाहेर राहतील.