ए टू झेड येतं, पण पाणी मागत नाही

"मॅडम, ह्याला ए टू झेड येतं. वीसपर्यंत आकडे येतात. रंगसुद्धा सांगतो इंग्लिशमध्ये. पण तहान लागली की नुसता रडतो हो, 'पाणी' म्हणत नाही."

छोटूची आई माझ्याकडे समुपदेशनाला आली, तेव्हा खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे बोलली. (घरात त्याला सगळे छोटू म्हणतात, इथेही तेच ठेवते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.) नाशिकचं कुटुंब. वडील अंबडच्या एमआयडीसीत पाळीने कामाला, आई बँकेत, आणि दिवसभर मूल आजीकडे. आजी निफाडकडच्या, नातवासाठी गाव सोडून शहरात आलेल्या. छोटू तेव्हा अडीच वर्षांचा होता. "ह्याचे बाबाही उशिराच बोलले," असं सांगत घरच्यांनी सहा महिने वाट पाहिली होती.

पाळणाघर, बँक, कारखाना, शेत, घर कुठलंही असो, हल्ली महिन्यातून दोन-तीन आई-बाबा हीच काळजी घेऊन येतात, म्हणून ही हकीकत सविस्तर लिहिते आहे.

आम्ही बोलत होतो तोवर छोटू खेळण्यातली बस घेऊन फिरत होता. "रेड, ब्लू, येलो," असं गाण्याच्या चालीत, कुणाकडेही न बघता म्हणत होता. तेवढ्यात बस कपाटाखाली गेली. तो वाकला, हात पुरेना. मग येऊन त्याने आईचं बोट धरलं, तिला कपाटापाशी नेलं, खाली बोट दाखवलं आणि वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. शब्द एकही नाही. पण ते बोट आणि ती नजर बघून मला धीर आला. सांगायचं त्याच्याकडे होतं आणि ते कुणाला सांगायचं हेही त्याला कळत होतं.

तरीही मी पहिल्यांदा त्यांना कान तपासायला पाठवलं. "जाहिरात लागली की दुसऱ्या खोलीतून पळत येतो, कान चांगलेच आहेत," असं आई म्हणाली. हे मी नेहमी ऐकते. पण मोठा आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातले बारीक आवाज वेगवेगळे ऐकू येणं वेगळं. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचू शकतं, मग कधी नीट ऐकू येतं, कधी नाही. तपासणी दुखत नाही, मूल झोपलेलं असतानाही होते. छोटूचे कान ठीक निघाले. मी समुपदेशक आहे, वाचा-उपचारतज्ज्ञ नाही. त्यामुळे स्पीच थेरपिस्टकडूनही त्याची तपासणी करून घेतली. त्यांनी घरचे उपाय नेमून दिले आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं.

वाट किती बघायची, तेही सांगते. दोन वर्षांच्या आसपास मूल साधारण "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडू लागतं. वर्षाचं होऊनही मूल बडबडत नसेल, टाटा करत नसेल, बोटाने दाखवत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" हे वाक्य बाजूला ठेवा आणि दाखवा. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप भरून काढतात हे खरं, पण त्यात आपलं मूल असेल की नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात ऐकण्याची आणि वाढीची तपासणी मोफत होते आणि गरज पडल्यास पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास वाचा आणि श्रवणासाठीच आहे.

दुसऱ्या भेटीला मी घरातला दहा मिनिटांचा व्हिडिओ मागवला होता. त्यात आई छोटूशी खेळत होती. "छोटू, कम. सिट. धिस इज व्हॉट? व्हॉट कलर? से बॉल. से!" एका प्लेग्रुपमध्ये त्यांना सांगितलं होतं की घरी फक्त इंग्लिश बोला, नाहीतर मूल गोंधळतं. ही बाई माझ्याशी मराठीत बोलायला लागली की थांबत नव्हती. सासूबाईंची गुडघेदुखी, बँकेतली मार्चची गर्दी, सगळं रंगवून सांगत होती. पोटच्या पोराशी मात्र तिचं बोलणं चार-पाच हुकमांवर आलं होतं.

मी व्हिडिओ थांबवून विचारलं, "तुमची आई तुम्हाला न्हाऊ घालताना काय बोलायची?"

ती जरा गप्प राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "काय काय बोलायची. पाठीवर पाणी ओतताना वेगळं, केस पुसताना वेगळं."

"मग तेच बोला. मराठीतच."

दोन भाषांमुळे मूल बोलायचं मागे पडत नाही. घरी मराठी आणि बाहेर हिंदी ऐकत लाखो मुलं मोठी झाली आहेत. मात्र आईला ज्या भाषेत लाड करता येत नाहीत, रागावता येत नाही, गोष्ट रंगवता येत नाही, त्या भाषेत मुलाच्या वाट्याला फार थोडं बोलणं येतं. ह्याबद्दल मला कळकळ आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. इंग्रजी शाळेत घालायचं असेल तर जरूर घाला, पण घर मराठीच राहू द्या.

आजी त्या दिवशी कोपऱ्यात पदर सावरून बसल्या होत्या. मोबाइल देण्याचं खापर आपल्यावर फुटणार हे धरूनच आल्या होत्या. "काय करू बाई, मोबाइल नाही दिला तर घासच गिळत नाही." भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. छोटूचे नुसते जेवणाचेच दोन तास होत होते. पण मी आजींना तासांचा हिशेब नाही मागितला. विचारलं, "आज भाजी कुठली?"

"मेथी."

"निवडायला छोटूला घ्याल का शेजारी?"

सगळी सुरुवात त्या मेथीपासून झाली. वर्तमानपत्रावर जुडी सोडायची आणि हात चालतील तसं तोंड चालवायचं. "हे पान. ही काडी. पान इकडे, काडी तिकडे. अगं बाई, ही माती! झटक, झटक." प्रश्न विचारायचे नाहीत. "हे काय? सांग ना, हे काय?" असं सतत विचारलं की मुलाला खेळातही परीक्षाच द्यावी लागते. आणि दोन-तीन वाक्यांनंतर गप्प बसायचं, मुलाकडे बघत मनात दहापर्यंत मोजायचं. हे गप्प बसणं सगळ्यांना जड जातं. आपण तिसऱ्या आकड्यालाच घाईने उत्तर देऊन मोकळे होतो. लहान मुलाला ऐकलेलं समजून घ्यायला, तोंडात आवाज जुळवायला वेळ लागतो, आणि तो वेळच आपण खाऊन टाकतो.

मोबाइल फक्त जेवणाच्या वेळचा बंद केला. पहिले चार दिवस छोटू अर्धवट जेवला, आजींच्या जिवाला घोर. पाचव्या दिवशी त्या त्याला ओट्याजवळ बसवून भरवायला लागल्या. एक घास काऊचा, एक घास चिऊचा. तिसऱ्या घासाला "हा घास..." म्हणून थांबायच्या. आठवड्याभराने छोटूने खिडकीकडे बोट करून "काऊ" म्हटलं. आजींनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या.

मुलाने एक शब्द टाकला की त्यावर आपण एक-दोन शब्द चढवायचे. "काऊ." "हो, काऊ आला." "पापा." "पापा आले, गाडीवर आले." "तादी" म्हटलं तर "तादी नाही, काडी म्हण" असं अडवायचं नाही. "हो, काडी" म्हणायचं आणि पुढे जायचं. बरोबर उच्चार त्याच्या कानावर पडत राहिला की पुरे.

मध्ये एक चूक झाली, तीही सांगायला हवी. केळं अर्धंच द्या, म्हणजे उरलेलं मागायला संधी मिळेल, असं मी म्हटलं होतं. आईने त्याचा अर्थ घेतला की "केळं" म्हटल्याशिवाय द्यायचं नाही. संध्याकाळभर रडारड आणि दुसऱ्या दिवशी पोरगं केळ्याकडे बघेना. मी ते पुरेसं उलगडून सांगितलं नव्हतं. मुलाने बघितलं, हात पुढे केला, नुसता "अं" आवाज काढला, तरी ते मागणंच आहे. लगेच द्यायचं आणि देताना शब्द आपण म्हणायचा.

आता वाचनाबद्दल. आईला वाटत होतं की ए टू झेड येतं म्हणजे वाचनाची पायरी चढून झाली. अक्षरांची नावं चालीत म्हणणं हे त्या वयात गाणंच असतं. चित्रातल्या किंवा कागदावरच्या खुणांना अर्थ असतो आणि तो आपल्या जगण्यातला असतो, हे मुलाला उमगलं की वाचन सुरू होतं. म्हणून आम्ही दुकानातलं पुस्तक आधी आणलंच नाही. प्लॅस्टिकच्या खिशांचा छोटा फोटो अल्बम घेतला आणि त्यात दहा फोटो घातले: कुकर, आजीची चप्पल, बाबांची गाडी, गल्लीतलं कुत्रं, छोटूची बादली. प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात एक शब्द. रोज झोपताना तेच पुस्तक. पान उलटं धरलं तरी चालेल, चारच पानं बघून पळाला तरी चालेल. वाचून दाखवायचं कमी, चित्रावर बोलायचं जास्त. कुकरचं पान आलं की आजी गाल फुगवून थांबायच्या आणि शिट्टी छोटू मारायचा. पुढे स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मोफत मराठी गोष्टींपैकी दोन छापून आणल्या. आई शब्दांखालून बोट फिरवत वाचायची, बस एवढंच. पाटी-पेन्सिल मी मुद्दाम लांब ठेवली. अडीच-तीन वर्षांच्या बोटांना मेथी निवडणं, कणकेचे गोळे करणं हाच लिहिण्याचा सराव.

आणि दुधाचं कॅलेंडर. आजी रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा आकडा टाकायच्या, दूधवाला आला नाही तर फुली मारायच्या. मी म्हटलं, हे त्याला कडेवर घेऊन, बोलत बोलत करा. "आज दूध आलं. एक लिटर. लिहू या." मग त्याच्याही हातात पेन्सिलचा तुकडा आला आणि प्रत्येक तारखेखाली आजीच्या आकड्याशेजारी त्याची एक गिचमीड.

तीन महिन्यांनी स्पीच थेरपिस्टकडे जाण्याआधी आईने शब्दांची यादी केली, चाळीसच्या वर शब्द होते. "पान दे" आणि "आजी बश" असे जोडलेले दोन-दोन शब्दही होते. त्यांनी घरचं हेच पुढे चालू ठेवायला सांगितलं आणि महिन्यातून एकदा दाखवायला बोलावलं.

परवा आजींचा फोन आला होता. सकाळी त्या देवपूजेत होत्या. छोटू स्टूल ओढून कॅलेंडरपाशी चढला, पेन्सिलीने एक आडवी, एक उभी अशी वेडीवाकडी रेघ मारली आणि ओरडून म्हणाला, "आजी, दूद नाई!"

त्या दिवशी दूधवाला खरंच आला नव्हता.