कॅनडात मेजर ज्युनिअर (तिथली सर्वात वरची ज्युनिअर आइस हॉकी) खेळलं की अमेरिकेच्या कॉलेज हॉकीचं दार बंद होतं का?

नाही, आता होत नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून ओएचएल, डब्ल्यूएचएल किंवा क्यूएमजेएचएल या मेजर ज्युनिअर लीगमध्ये खेळलेला मुलगा एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) डिव्हिजन १ या वरच्या गटात आइस हॉकी खेळू शकतो. एनसीएएच्या ७ नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात तो नियम बदलला. त्याआधी या लीगच्या जर्सीत एखादा सराव सामना खेळला तरी पात्रता धोक्यात यायची. मुलांना महिन्याचा हातखर्च मिळतो आणि एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगशी करार झालेले खेळाडूही तिथेच खेळतात, म्हणून एनसीएए त्यांना व्यावसायिक धरायची. सोळाव्या वर्षी पोरांवर लादलेली ही निवड अन्यायाचीच होती. कॉलेजचा रस्ता मोकळा ठेवायचा असेल तर यूएसएचएल किंवा बीसीएचएल या दुसऱ्या ज्युनिअर लीग गाठाव्या लागत. त्या लीगचं मोठं आकर्षण तेच होतं, आणि तेच आता गेलं.

अट एकच, पण कडक: खेळण्यासाठीच्या प्रत्यक्ष, आवश्यक खर्चापलीकडे पैसे घेतलेले नसावेत. एनएचएलच्या एंट्री-लेव्हल (पहिल्या व्यावसायिक) करारावर सही केली की कॉलेज संपलं. ड्राफ्टमध्ये (एनएचएल संघ तरुण खेळाडूंवर हक्क राखतात त्या निवडीत) नुसती निवड झाली तर हरकत नाही. त्यामुळे क्लबकडून नेमकं काय मिळणार, ते सही करण्याआधी लेखी घ्या आणि कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन) विभागाला दाखवा.